शस्त्रक्रिया की किरणोपचार? प्रोस्टेटच्या कर्करोगाविषयी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता. श्रोत्यांकडून आलेल्या काही चिठ्ठ्यांना दिलेली उत्तरेही शेवटी घेतली आहेत.)



या वर्षीच्या व्याख्यानमालेत नाट्यसंगीत झाले, संतवाङ्मय झाले, मराठ्यांच्या उत्तरेकडील मोहिमांवरही एक विद्वत्तापूर्ण व्याख्यान झाले. अशा पंक्तीत प्रोस्टेट ग्रंथीचे पान मांडण्याचे धाडस कार्यवाहांनी केले, याबद्दल त्यांना धन्यवाद दिले पाहिजेत. विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला दूरध्वनीवरून विचारले, की हे सारे स्त्रियांच्या देखत बोलणे प्रशस्त दिसेल काय? मी कार्यवाहांना उलट अशी विनंती केली, की निमंत्रणपत्रिकेवर ‘सपत्नीक यावे’ असे आवर्जून छापावे. हा आजार होतो पुरुषाला. परंतु त्याच्या उपचाराचे परिणाम घरात दोघांना मिळून निभवावे लागतात. आणि माझा अनुभव असा, की पतीने जो प्रश्न संकोचाने गिळलेला असतो, तो बहुधा पत्नीच विचारते.

आपल्या मंडळाचे वयही या विषयाला अनुकूल आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून हे मंडळ उभे केले, ते तेव्हा पंचविशी-तिशीत होते. आज ते पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्या मागची पिढी साठीत आली आहे. प्रोस्टेटचा कर्करोग हा प्रामुख्याने याच वयाचा रोग होय.

एक गोष्ट आरंभीच सांगतो. मी शल्यचिकित्सक आहे. माझी हयात शस्त्र हाती धरण्यात गेली. तेव्हा माझा कल कोणीकडे असेल हे गृहीत धरूनच माझे बोलणे ऐकावे. हे मी केवळ विनयाने म्हणत नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मूत्ररोग-शल्यचिकित्सक आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांनाही विचारण्यात आले होते, की रोग ग्रंथीपुरता मर्यादित आहे आणि रुग्ण दहा वर्षांहून अधिक जगेल असा अंदाज आहे, तर आपण काय सुचवाल? शल्यचिकित्सकांपैकी ९३ टक्क्यांनी शस्त्रक्रियेला पसंती दिली. किरणोपचारतज्ज्ञांपैकी ७२ टक्क्यांनी दोन्ही उपचार सारखेच मानले. दोन्हीकडची माणसे प्रामाणिक होती. ज्याने जन्मभर जे काम केले, त्या कामाचे गुण त्याला जवळून दिसतात, एवढेच. मात्र रुग्णाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक नियम निघतो. माझ्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी तो ध्यानात असू द्यावा. निर्णय करण्यापूर्वी दोघांनाही भेटावे. शल्यचिकित्सक ‘किरणांची माहितीही मीच देतो’ असे म्हणाला, तरीही भेटावे.

आता त्या ग्रंथीकडे वळू. मूत्राशयाच्या तळाशी, मूत्रमार्गाभोवती कडे घालून बसलेली अक्रोडाएवढी ही ग्रंथी. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. तिच्या डोक्यावर मूत्राशय, पाठीशी गुदाशय, पायथ्याशी लघवी रोखून धरणारा स्नायू, आणि दोन्ही कुशींना लगटून जाणारे, जननेंद्रियाला ताठरता देणारे मज्जातंतू. जागा एवढी दाटीवाटीची, की एकाच्या घरी दुरुस्ती काढली तर शेजाऱ्याच्या भिंतीला हादरा बसणारच. आपण ज्या दोन उपचारांची तुलना करणार आहोत त्यांतला मुख्य फरक हाच, की कोणत्या उपचाराने कोणत्या शेजाऱ्याला इजा पोहोचते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उतारवयात ही ग्रंथी नुसती वाढते, लघवीची धार बारीक होते, रात्री चारचार वेळा उठावे लागते. तो कर्करोग नव्हे. त्या वाढीसाठी मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढतात. आपल्यापैकी अनेकांची ती शस्त्रक्रिया झालेली असेल. मग कर्करोग झालेल्या शेजाऱ्याला धीर देताना ते म्हणतात, “अहो, प्रोस्टेटचे ऑपरेशन काय, मीही केले, चार दिवसांत घरी आलो.” हेतू चांगला, परंतु शस्त्रक्रिया निराळी. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी आणि तिला जोडलेल्या वीर्यपिशव्या काढून मूत्राशयाचे तोंड खालच्या मूत्रमार्गाला पुन्हा शिवावे लागते. तिचे परिणाम दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवरून ताडता येत नाहीत.

रोगाचा सुगावा बहुधा रक्तातील पी.एस.ए. या प्रथिनाच्या तपासणीने लागतो. अमेरिकेत तिला उपचारानंतरच्या देखरेखीसाठी १९८६ साली आणि निदानाला साहाय्य म्हणून १९९४ साली मान्यता मिळाली. हा आकडा साध्या वाढीनेही चढतो, जंतुसंसर्गानेही चढतो. म्हणून आज आकडा चढला, तर शक्य तेथे आधी एम.आर.आय. काढतात, मग बायॉप्सी. बायॉप्सीच्या अहवालात ‘ग्लीसन’ हा शब्द आढळतो. डोनाल्ड ग्लीसन हे अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९६६ साली पेशींच्या ठेवणीवरून गुण देण्याची ही पद्धत आणली. या पद्धतीने कितीतरी गृहस्थांची झोप विनाकारण उडवली आहे. अहवालात ‘सहा’ दिसले की माणूस शाळेतला हिशेब मांडतो, दहापैकी सहा, म्हणजे निम्म्याहून अधिक! वस्तुतः आजच्या व्यवहारात मोजणी सहापासूनच सुरू होते. सहा म्हणजे सर्वांत मवाळ रोग, आणि नऊ-दहा म्हणजे सर्वांत उग्र. हा घोटाळा टाळण्यासाठी २०१४ साली तज्ज्ञांनी एक ते पाच अशी सुटसुटीत प्रतवारी ठरविली. तुमच्या अहवालात ती नसेल, तर डॉक्टरांकडून लिहून घ्यावी.

‘शस्त्रक्रिया की किरणोपचार’ असा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘आज काही करावयास हवे काय’ हा प्रश्न विचारला पाहिजे. रोग पहिल्या प्रतीचा असेल, लहान असेल, पी.एस.ए. बेताचा असेल, तर सक्रिय देखरेख हा आज मान्यता पावलेला मार्ग आहे. ठराविक मुदतीने रक्त तपासावयाचे, एम.आर.आय. आणि बायॉप्सी पुन्हा करावयाची, आणि रोगाने डोके वर काढले तर मगच उपचार. आपल्याकडे ही गोष्ट गळी उतरणे कठीण जाते. कर्करोग म्हटले की मुले विमानाने येतात, आणि रविवारपर्यंत काहीतरी ‘करून टाकावे’ असा घाट घातला जातो. ग्रंथीपुरत्या मर्यादित रोगात काही आठवडे विचार करण्यात गेले म्हणून नुकसान होत नाही, हे त्यांना बसवून समजावून सांगावे लागते.

दोन्ही उपचारांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. तो थोडक्यात सांगतो. कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया ह्यू हॅम्पटन यंग यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९०४ साली केली. पुढे कित्येक दशके ही शस्त्रक्रिया म्हणजे अतोनात रक्तस्राव आणि पौरुषाचा जवळजवळ निश्चित अंत, असेच समीकरण होते. १९८१ साली त्याच संस्थेतील पॅट्रिक वॉल्श यांची नेदरलँड्समधील लायडेन येथे डॉ. डोंकर या वयोवृद्ध शल्यचिकित्सकांशी गाठ पडली. डोंकर निवृत्तीनंतर शवविच्छेदनात रमले होते. दोघांनी मिळून ताठरतेचे मज्जातंतू शोधून काढले. ते ग्रंथीच्या आतून जातात असा समज होता. प्रत्यक्षात ते बाहेरून, कडेने जातात. म्हणजे ते वाचविता येण्यासारखे होते. १९८२ च्या एप्रिलमध्ये वॉल्श यांनी हे तंतू हेतुपूर्वक राखून पहिली शस्त्रक्रिया केली. आम्हा शल्यचिकित्सकांना ही गोष्ट आजही पुराणकथेसारखी ऐकावीशी वाटते, म्हणून एवढा वेळ घेतला.

किरणांची परंपराही तितकीच जुनी. पॅरिसमध्ये विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच मूत्रमार्गातून रेडियम नेऊन या ग्रंथीवर उपचार करीत असत. १९५० नंतर रेषीय त्वरक यंत्रे आली, पुढे संगणक आला, आणि किरणांचा झोत ग्रंथीच्या आकाराबरहुकूम वळविता येऊ लागला. आज किरण बाहेरून देतात, किंवा किरणोत्सर्गी दाणे ग्रंथीतच रोवतात, किंवा काही वेळा दोन्ही करतात.

मग श्रेष्ठ कोण? या प्रश्नाचे सर्वांत विश्वसनीय उत्तर इंग्लंडकडून आले. ‘प्रोटेक्ट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२,४२९ पुरुषांची पी.एस.ए. तपासणी झाली. त्यांपैकी २,६६४ जणांत ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग आढळला. आणि त्यांतील १,६४३ जणांनी आपला उपचार चिठ्ठी टाकून ठरविण्यास संमती दिली! या संमतीचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. स्वतःच्या देहातील कर्करोगाचे काय करावयाचे हे दैवाच्या हाती सोपवून पुढच्या पिढ्यांसाठी ज्ञान मिळवू देणे, ही लहान गोष्ट नव्हे. ५४५ जणांच्या वाट्याला देखरेख आली, ५५३ जणांच्या वाट्याला शस्त्रक्रिया, आणि ५४५ जणांच्या वाट्याला किरणोपचार. पंधरा वर्षांनंतरचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या काळात प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावले अवघे ४५. देखरेखीतील १७, शस्त्रक्रियेतील १२, किरणोपचारातील १६. हा फरक योगायोगाने पडावा इतकाच आहे. त्याच काळात सर्व कारणांनी मिळून निवर्तले ३५६. म्हणजे यमाने या मंडळींना गाठले ते बहुतांशी दुसऱ्याच वाटेने.

रोग हाडांत वा अन्यत्र पसरण्याचे प्रमाण मात्र देखरेखीच्या गटात अधिक होते, ९.४ टक्के, शस्त्रक्रियेत ४.७ आणि किरणोपचारात ५ टक्के. देखरेखीतील सुमारे ६१ टक्के लोकांना कालांतराने कोणता ना कोणता उपचार घ्यावाच लागला. तेव्हा देखरेख म्हणजे फुकटची सुटका, असेही कोणी समजू नये. परंतु शस्त्रक्रिया आणि किरणोपचार या दोघांपुरते बोलावयाचे तर आयुष्याच्या तराजूत दोन्ही पारडी समतोल राहिली.

जीव वाचविण्यात दोन्ही उपचार सारखे, तर निवड कशावरून करावयाची? मागे राहणाऱ्या दुखण्यांवरून. आणि ती दोन्हींत सारखी नाहीत.

याच प्रयोगातील रुग्णांनी वर्षानुवर्षे प्रश्नावल्या भरून दिल्या. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवीच्या गळतीसाठी पॅड वापरावे लागत होते. किरणोपचारानंतर ५ टक्क्यांना. बारा वर्षांनी हेच प्रमाण २४ आणि ८ टक्के होते. उलट मलविसर्जनावरील ताबा सुटण्याची तक्रार बारा वर्षांनी किरणोपचाराच्या गटात १२ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात ६ टक्के होती. रात्री दोन वा अधिक वेळा लघवीस उठणारे किरणोपचारानंतर ४८ टक्के, शस्त्रक्रियेनंतर ३४ टक्के. राहिली लैंगिक क्षमता. आरंभी ६७ टक्के पुरुष समागमक्षम होते. सहा महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के उरले, किरणोपचाराच्या गटात २२. सात वर्षांनी १८ आणि २७. आणि हे लक्षात घ्या, की नुसत्या देखरेखीच्या गटातही सात वर्षांनी ३० टक्केच उरले होते. त्यांतल्या काहींनी मधल्या काळात उपचार घेतले होते. उरलेले काम वयाने केले.

हे आकडे इंग्लंडचे, तपासणीतून लवकर सापडलेल्या आणि बव्हंशी मवाळ असलेल्या रोगाचे आहेत. शस्त्रक्रिया मुख्यतः पोट उघडून केलेल्या, किरणोपचार जुन्या धर्तीचे. ते जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. तथापि कोणत्या उपचाराने कोणते दुखणे मागे राहते, ही दिशा बदललेली नाही.

टक्केवारी प्रत्यक्ष घरात आली म्हणजे काय होते, हे दोन उदाहरणांनी सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघांचे वय पासष्टीच्या आसपास, दोघांचा रोग मधल्या प्रतीचा, ग्रंथीपुरता. पहिले गृहस्थ रोज पहाटे स्नान करून तासभर पूजेला बसणारे. त्यांना मी शस्त्रक्रियेची माहिती दिली, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला: “सोवळ्यात असताना थेंब गळला तर?” मी म्हणालो, शक्यता आहे; काहींची गळती पुढे थांबते, काहींची थांबत नाही. पौरुषाविषयी त्यांनी एक अक्षर विचारले नाही, त्यांच्या पत्नी मात्र शांतपणे म्हणाल्या, “त्याचे आम्हाला काही नाही, त्यांची पूजा चुकता कामा नये.” ते किरणोपचाराकडे गेले. आज त्यांना शौचाची घाई होते, कधी रक्ताचा अंश दिसतो, पण पूजा चालू आहे आणि ते समाधानी आहेत.

दुसरे गृहस्थ फिरतीवर आयुष्य काढलेले. त्यांची ग्रंथी कर्करोगाखेरीजही बरीच वाढलेली होती; रात्री पाच वेळा उठत, दोनदा लघवी तुंबून नळी घालावी लागली होती. अशा स्थितीत किरणांनी ग्रंथीला सूज येऊन अडथळा वाढू शकतो. शस्त्रक्रियेने कर्करोग आणि अडथळा दोन्ही एकदम जातात. शिवाय त्यांच्या स्वभावाला ‘रोग अंगातून काढून टाकला’ हे समाधान हवे होते. शस्त्रक्रिया झाली. चार महिने पॅड वापरावे लागले. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, म्हणजे आपल्या योगातील मूलबंधासारखेच काहीसे, त्यांनी नेटाने केले. गळती जवळजवळ थांबली. ताठरता परत आली नाही. त्याचे त्यांना वाईट वाटते, आणि ते तसे मोकळेपणाने बोलूनही दाखवतात.

या दोघांची निवड अदलाबदल केली असती तर दोघेही दुःखी झाले असते, आणि त्यांच्या वैद्यकीय कागदपत्रांवरून हे कोणालाही कळले नसते. म्हणूनच “डॉक्टर, तुम्हीच काय ते सांगा” हे वाक्य मला अलीकडे पुरेसे वाटत नाही. पूर्वी त्या वाक्याने मानच मिळाल्यासारखे वाटे.

अर्थात काही वेळा शरीरच निर्णय करून टाकते. हृदय दुर्बल असेल, भूल धोक्याची असेल, तर शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये. मोठ्या आतड्याचा जुनाट दाह असेल किंवा पूर्वी ओटीपोटावर किरण दिलेले असतील, तर किरणोपचार टाळावा लागतो. पन्नाशीतील तरुण रुग्णाच्या बाबतीत आणखी एक विचार असतो: किरणांमुळे पुढे अनेक वर्षांनी मूत्राशयाचा वा गुदाशयाचा नवा कर्करोग होण्याची शक्यता थोडी वाढते. ती अल्प आहे. पण ज्याच्यापुढे तीस वर्षे आहेत त्याने ती ध्यानी घ्यावी.

आता उग्र रोगाविषयी. आपल्या देशात पुष्कळ रुग्ण उशिरा येतात, म्हणून हा भाग इंग्लंडच्या आकड्यांपेक्षा आपल्याला अधिक जवळचा. रोग चौथ्या-पाचव्या प्रतीचा असेल, पी.एस.ए. फार चढलेला असेल, तर कोणताही एकच उपचार बहुधा पुरत नाही. शस्त्रक्रिया केली तर मागाहून किरण द्यावे लागण्याचा संभव मोठा. किरण दिले तर त्यांच्या जोडीला दीड ते तीन वर्षे पुरुष-संप्रेरक दाबणारी इंजेक्शने घ्यावी लागतात. या संप्रेरकावर रोग पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले, आणि त्यासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इंजेक्शनांनी अंगातून वाफा निघतात, स्नायू झडतात, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, मन उदास होते. मधुमेही माणसाने हे आधी समजून घेतले पाहिजे. पुष्कळांना किरणांपेक्षा या इंजेक्शनांचाच त्रास अधिक होतो, आणि निवड करताना त्यांचे नावही कोणी काढलेले नसते.

उग्र रोगाच्या किरणोपचाराविषयी एक महत्त्वाचा प्रयोग आपल्या परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाला, हे सांगताना आनंद होतो. केवळ ग्रंथीवर किरण द्यावेत की ओटीपोटातील लसिकाग्रंथींवरही द्यावेत, असा प्रश्न होता. २२४ रुग्णांवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनी पी.एस.ए. पुन्हा न चढलेले रुग्ण दुसऱ्या पद्धतीत ९५ टक्के होते, पहिल्या पद्धतीत ८१.२ टक्के. एकूण आयुष्यमानात तोवर फरक दिसला नव्हता. १९४१ साली उघडलेल्या या रुग्णालयाकडे आपल्या शहरातूनही कितीतरी कुटुंबे जातात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. असे ज्ञान आता आपल्याच माणसांच्या देहांवरून मिळू लागले आहे.

शल्यचिकित्सकांच्या एका आवडत्या युक्तिवादाचा परामर्श घेतला पाहिजे. “आधी शस्त्रक्रिया करा, रोग उलटला तर किरण हाताशी आहेत. आधी किरण दिले तर मागाहून शस्त्रक्रिया अवघड.” यात तथ्य आहे. किरणांनी ऊती एकमेकींना चिकटतात आणि नंतरची शस्त्रक्रिया जोखमीची होते. पण ‘किरण हाताशी आहेत’ म्हणणारा हे सांगत नाही, की दोन्ही घेणाऱ्याला दोन्हींचे त्रास भोगावे लागतात. ज्याला शस्त्रक्रियेनंतर किरण लागण्याचा संभव आरंभापासूनच मोठा आहे, त्याने नुसत्या राखीव शस्त्राच्या मोहाने निर्णय करू नये.

यंत्रमानवाविषयी, म्हणजे रोबोटविषयी, सर्वजण विचारतात. रक्तस्राव कमी होतो, रुग्णालयातून लवकर सुटका होते, खर्च वाढतो. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ रुग्णांवर झालेल्या तुलनेत (२०१६) बारा आठवड्यांनी लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत रोबोट आणि उघडी शस्त्रक्रिया यांत लक्षणीय फरक आढळला नाही. हात कोणाचा आहे हे यंत्रापेक्षा महत्त्वाचे. शल्यचिकित्सकाला विचारावे, आपण ही शस्त्रक्रिया वर्षाला किती वेळा करता, आणि आपल्या रुग्णांपैकी किती जण वर्षभराने पॅडमुक्त असतात? हा प्रश्न ऐकून ज्याला राग येईल, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

किरणोपचाराची मुदत हीही आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना महत्त्वाची बाब. पूर्वी ३७ बैठका, म्हणजे साडेसात आठवडे मुंबईत बिऱ्हाड करावे लागे. ब्रिटनमधील एका मोठ्या प्रयोगाने २०१६ साली २० बैठका पुरतात असे दाखविले. आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगाने, योग्य रुग्ण निवडल्यास, पाच बैठकाही. ‘दोन महिने परगावी कोण राहणार’ एवढ्याच कारणाने शस्त्रक्रिया पत्करणारे लोक मी पाहिले आहेत. आता आधी चौकशी करावी. दुसरे मत घेण्यास जाताना नुसते अहवाल नेऊ नयेत. बायॉप्सीचे ब्लॉक आणि स्लाइडीही मागून घेऊन न्याव्यात, कारण ग्लीसनचा गुण पाहणाऱ्या डोळ्यागणिक बदलू शकतो.

उपचारानंतर पी.एस.ए.चे आकडे वहीत तारखेनिशी लिहून ठेवावेत. शस्त्रक्रियेनंतर तो दोनएक महिन्यांत जवळजवळ शून्यावर यावयास हवा. किरणोपचारानंतर तो सावकाश, दोनदोन वर्षे उतरत राहतो, आणि मध्येच थोडा उसळून पुन्हा खाली येतो. शेजाऱ्याचा शून्य आणि आपला ०.८ पाहून घाबरून जाऊ नये. दोघांचे मोजमाप निराळे.

आता आपल्या चिठ्ठ्या घेतो. नावे लिहू नका असे सांगितल्यामुळे त्या बऱ्याच आल्या आहेत.

पहिली: ‘बायॉप्सीची सुई लावली की कर्करोग पसरतो, हे खरे काय?’ नाही. या ग्रंथीच्या बाबतीत ही भीती निराधार आहे. बायॉप्सीने रक्त पडू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्यासाठी काळजी घेतात. या भीतीपोटी वर्षभर घरी बसून हाडांत रोग घेऊन आलेले रुग्ण मात्र मी तपासले आहेत.

दुसरी चिठ्ठी स्त्रीच्या हस्ताक्षरातली दिसते: ‘शस्त्रक्रियेनंतर पतिपत्नीचे संबंध संपतात काय? त्यांना विचारण्याची सोय नाही.’ बाई, संपलेच पाहिजेत असे नाही. दोन्ही बाजूंचे मज्जातंतू राखता आले, वय कमी असले आणि आधीची क्षमता चांगली असली, तर ती हळूहळू, कधी दोन वर्षांनीही परत येते; औषधे आहेत, इंजेक्शने आहेत, उपकरणे आहेत. वीर्यस्खलन मात्र शस्त्रक्रियेनंतर होत नाही. सुखाची संवेदना राहू शकते. पुढच्या भेटीला आपण सोबत जावे आणि हा प्रश्न आपणच विचारावा. डॉक्टरांना त्याची सवय असते.

तिसरी: ‘वडील ७९ वर्षांचे, हृदयाची बायपास झालेली, ग्लीसन सात. मुंबईचा भाऊ ऑपरेशन म्हणतो, मी नको म्हणतो.’ कागद पाहिल्याशिवाय निकाल देत नाही. परंतु या वयात आणि या हृदयाला मी सहसा शस्त्रक्रिया सुचवणार नाही. किरणोपचार किंवा देखरेख, यांतून निवड व्हावी. आणि चिठ्ठीत वडिलांना काय हवे, हे आलेले नाही. ते आधी विचारा.

शेवटची चिठ्ठी एका आजोबांची आहे: ‘किरणोपचार चालू असताना नातीला मांडीवर घेतले तर तिला बाधा होईल काय?’ किरण बाहेरून यंत्राने देत असतील तर मुळीच नाही. यंत्र बंद झाले की देहात काहीही उरत नाही. घरी येऊन तिला खुशाल मांडीवर घ्या. दाणे रोवलेले असतील, तर पहिले दोन महिने तिला फार वेळ मांडीवर बसवू नका. शेजारी बसवून गोष्ट सांगा.